गोकुळात आपली झोपडी कुठाय?

साथींनो,

दिवाळी जवळ आली. वसुबारस लागली की आपल्या पाटण खोऱ्यात, खाली कराडकडं, पलीकडं सांगली-कोल्हापूरकडं बायका पहाटे उठून अंगण सारवतात आणि ताज्या शेणाच्या गवळणी मांडतात. एक गवळण डोक्यावर दुधाचं मडकं घेतलेली, एक ताक घुसळणारी, एक जात्यावर बसलेली, एक चुलीपुढं. मधी किसन, बाजूला पेंद्या. गोठा, गाय-वासरं, उखळ, आड. वर झेंडूची फुलं खोचलेली. इवल्या मडक्यांत थेंब थेंब दूध. पाडव्याला पांडव मांडतात. मग ते सगळं शेण गोळा करून गोवऱ्या थापतात. मांडलेलं काही वाया जात नाही, शेवटी चुलीलाच येतं.

आता तुम्ही म्हणाल, दावे अडकलेत, पोरांना जातीचे दाखले मिळत नाहीत, आणि ही बया शेणाच्या गवळणी घेऊन बसली. जरा थांबा. पुरतं वाचा, मग बोला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

मी कातकरी. आमच्या घरी गाय कधीच नव्हती. आजी गावात एका घरी गोठा झाडायला जायची, मी तिच्या मागं. सात-आठ वर्षांची असेन. दिवाळीच्या सकाळी त्या घरच्या अंगणात गोकुळ मांडलेलं. मी बघत बसले. मोठा वाडा होता, गोठा होता, देऊळ होतं, पाणवठा होता, अगदी राखणीचं कुत्रंसुद्धा होतं. मी विचारलं, "आणि आमची झोपडी कुठाय?" घरची बाई हसली. वाईट मनानं नाही हसली. म्हणाली, "गोकुळात कातकरी नसत्यात बाय."

आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी येताना ती टोपल्यात शेणाचा गोळा घेऊन आली. त्यात तांबडी माती मिसळली आणि आमच्या झोपडीपुढं बसून तिनं मांडलं. एक कुडाची झोपडी. मोळी घेतलेली बाई. वढ्यात वाकून खेकडं धरणारा बाप्या. मध काढायला झाडावर चढलेला एक पोरगा, तो दोनदा पडला, तिसऱ्यांदा काडी टोचून उभा केला. आणि एक म्हातारी, नुसती बसलेली. मी म्हटलं, ही कोण? आजी म्हणाली, "मी. आता म्हण आपुन हाय का न्हाई."

ही गोष्ट मी विसरले होते. ती आठवली दोन वर्षांपूर्वी, वनहक्क समितीच्या कामात. एका कचेरीत आमच्यापुढं नकाशा उलगडला. त्यात डोंगर होता, ओढा होता, कंपार्टमेंटचे नंबर होते, हद्दीच्या रेघा होत्या. आमची वस्ती नव्हती. धनगरवाडा नव्हता. म्हसोबाची जागा नव्हती, जुनं मसणवट नव्हतं. साहेब म्हणाले, "नकाशात नाही म्हणजे तिथं नाही." त्या बाईचं आणि साहेबाचं बोलणं एकच होतं. फक्त बाईचं शेणाचं होतं, साहेबाचं कागदाचं.

तेव्हा मला कळलं की नकाशा हापण एक मांडलेला देखावाच आहे. जो मांडतो तो ठरवतो त्यात कोण असणार. आपण मांडला नाही तर आपण त्यात नसतो.

लांबच्या एका लोकांची गोष्ट

आता तुम्हाला लांबची गोष्ट सांगते. शिबिरात एका ताईनं पुस्तकातली चित्रं दाखवली होती, तेव्हापासून ती डोक्यात बसलीय.

अमेरिकेत न्यू मेक्सिको नावाचं राज्य आहे. तिथं मूळ आदिवासींची 19 गावं आहेत. त्यांना प्वेब्लो म्हणतात. प्वेब्लो हा स्पॅनिश शब्द, अर्थ गाव. हे लोक कोरड्या मुलखात मका पिकवतात, मातीची घरं बांधतात, आणि त्यांची मडकी जगात नावाजलेली आहेत. 1598 साली स्पेनचे लोक तिथं वसाहत करायला आले. त्यांनी जमीन घेतली, वेठबिगार लावली, देव बदलायला लावला. 1680 साली बहुतेक गावांनी एकी करून उठाव केला आणि स्पेनवाल्यांना हाकलून लावलं. बारा वर्षांनी ते परत आले, पण पहिल्यासारखा माज राहिला नाही.

त्या काळापासून तिथले बरेच लोक ख्रिस्ती झाले. पण स्वतःचे नाच, स्वतःचे सण, डोंगर-पाण्याचे देव त्यांनी सोडले नाहीत. दोन्ही चालू आहे. नाताळात ख्रिस्ती लोक येशूच्या जन्माचा देखावा मांडतात. आपल्याकडं वसईला नाताळात गवताचा गोठा मांडतात, तसाच. येशू गोठ्यात जन्मला, गव्हाणीत निजवला. आई, बाप, मेंढपाळ, जनावरं आणि लांबून भेटी घेऊन आलेले तीन शहाणे. आपल्या गोकुळाची आठवण येईल असंच आहे. देवाचं पोर गुराढोरांत.

पण प्वेब्लो कुंभारणी हा देखावा करतात तेव्हा काय करतात? पोर आपल्या घोंगडीत गुंडाळतात. आईच्या अंगावर आपल्याकडची शाल. बापाचे केस आपल्या गावच्या पद्धतीनं मागं बांधलेले. भेटीला येणारे सोनं-नाणं आणत नाहीत, मका आणतात, मडकं आणतात, भाकरी आणतात. घर त्यांचंच, मातीचं. म्हणजे देव दुसऱ्या देशातून आला, पण जन्मला आमच्या वाडीत, आमच्या माणसांत. त्यांनी कुणाला विचारलं नाही की आमची झोपडी यात चालेल का. हात त्यांचे, माती त्यांची, म्हणून झोपडी त्यांची.

मातीचंही ऐका. माती ते स्वतःच्या डोंगरातून खणून आणतात. खणायच्या आधी मातीआईची परवानगी मागतात, जशी आपली म्हातारी माणसं झाड तोडायच्या आधी हात जोडतात. चाक नाही वापरत, हातानं वळ्या करून चढवतात. कोचिती गावच्या बाया एका रानभाजीचा पाला उकळून काळा रंग करतात. आणि भाजतात कशावर? शेणाच्या गोवऱ्यांवर! हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आमच्या आजीला तिथं नेऊन सोडली असती तर तिला पहिल्या दिवशी काम मिळालं असतं.

त्या कोचिती गावात हेलन कोर्डेरो नावाची बाई होती. 1964 साली तिनं मातीचा एक म्हातारा केला. तोंड उघडं, डोळे मिटलेले, अंगावर-खांद्यावर नातवंडं लोंबकळतायत आणि म्हातारा गोष्ट सांगतोय. तिचा आजा तसा गोष्टी सांगायचा, त्याचीच आठवण. ती मूर्ती एवढी गाजली की पुढं गावोगावच्या कुंभारणी तसे म्हातारे-म्हाताऱ्या करू लागल्या. त्याच्याही आधी, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, त्या गावचे लोक मातीत गोऱ्या साहेबांची, व्यापाऱ्यांची, पाद्र्यांची टिंगल करणारी चित्रं घडवायचे. साहेबाला कळायचं नाही, तो पैसे देऊन विकत न्यायचा.

मूर्ती विकली म्हणून जमीन मिळत नाही

इथवर गोष्ट गोड आहे. पण पुढचं नीट वाचा.

त्याच कोचिती गावाच्या जमिनीवर 1965 साली सरकारनं मोठं धरण बांधायला घेतलं. पाणी साठल्यावर धरणाच्या पायातून पाझर सुटला आणि गावची शेतं चिबडली, पेरायच्या लायकीची राहिली नाहीत. बाहेर जगात त्या गावच्या मातीच्या मूर्ती कौतुकानं कपाटात ठेवल्या जात होत्या आणि इकडं त्याच गावची माती पाण्यानं नासत होती. कोयना खोऱ्यातल्या माणसाला हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको. 1954 साली कोयना धरणाची कोनशिला बसली. गावं पाण्याखाली गेली, माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडं पांगली. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात राहिलेली घरंही पडली. मग 1985 ला अभयारण्य, 2010 ला व्याघ्र प्रकल्प. 2012 साली आपलं कोयना आणि चांदोली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. वारसा जगाचा झाला. चांगलं झालं. पण ज्यांनी तो राखला त्यांचा सातबारा कुठाय?

तिथंच टाओस म्हणून दुसरं प्वेब्लो आहे. त्यांचा डोंगरात एक निळा तलाव आहे, त्यांच्या देवाधर्माची सगळ्यात मोठी जागा. 1906 साली सरकारनं तो तलाव आणि भोवतालचं रान राखीव जंगलात घातलं. तुमच्या-आमच्यासारखंच. सरकार पुढं म्हणालं, भरपाई घ्या. ते म्हणाले, पैसे नकोत, तलाव पाहिजे. एक पिढी गेली, दुसरी गेली. 1970 साली, म्हणजे 64 वर्षांनी, 48,000 एकर परत मिळालं. राष्ट्राध्यक्षानं कायद्यावर सही केली. हे मूर्ती विकून झालं नाही. गावपंचायतीच्या एकीनं, म्हाताऱ्यांच्या साक्षीनं आणि पैशाला नाही म्हणण्यानं झालं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. कला ही ओळख आहे, हक्क नाही. दोन्हींची गल्लत करू नका. आपल्याच राज्यात बघा. वारली बाया लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानं लिहायच्या. जिव्या सोमा मशे यांनी ते चित्र जगात पोचवलं, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याचा अभिमान आहेच. पण आज ते चित्र हॉटेलाच्या भिंतीवर, साडीवर, चहाच्या कपावर आहे, आणि डहाणू-जव्हारकडचा वारली अजून जमिनीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतोय. चित्रातला माणूस सगळ्यांना चालतो. शेतातला चालत नाही.

आपल्याकडंही हे सुरू झालंय. मागं एका प्रदर्शनात मला बोलावलं. "आदिवासी संस्कृती" असा फलक. आम्हाला पानांचे मुकुट घालायला दिले. आमच्यात असला मुकुट कुणी कधी घातला नाही. मी म्हटलं, आम्ही खेकडं धरायची कला दाखवतो. ते म्हणाले, ते नको, नाच दाखवा. त्यांनी त्यांचं गोकुळ मांडलं होतं आणि आम्हाला शेणाच्या बाहुल्या म्हणून आणलं होतं. मी मुकुट घातला. आज लाज वाटते. पुन्हा घालणार नाही.

मग मांडायचं कशाला?

इथं काही जण म्हणतील, मग तुझ्याच बोलण्यानं ठरलं, चित्रा-मातीनं काही मिळत नाही. सोडून दे. नाही. माझं दुसरं म्हणणं हेच आहे. विकण्यासाठी मांडायचं नाही. आपल्याला आपण दिसावं म्हणून मांडायचं, आणि जे दिसलं ते दाव्यात लिहायचं.

2006 चा वनहक्क कायदा काय म्हणतो ते पुन्हा एकदा सांगते. आदिवासीला 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा कब्जा दाखवावा लागतो. गवळी धनगर आणि इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. पुरावा म्हणून कागदच पाहिजे असं नाही. नियम 13 मध्ये घर-झोपडी, बांध-ताली, विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा, वंशावळ आणि दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब, हे सगळे पुरावे आहेत. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. 2012 च्या दुरुस्तीत तर साफ म्हटलंय की अमुकच कागद आणा असा हट्ट धरता येणार नाही. सामूहिक हक्कात मध, हिरडा, शिकेकाई आहे, चराई आहे, पाण्यातली मासळीही आहे. आम्हा कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना वसतिस्थानाचा हक्क वेगळा सांगितलाय. आणि दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही.

कायदा चांगला आहे. मग आपले दावे कच्चे का राहतात? कारण दावा भरताना आपण दोन-चार पुरुष कागद घेऊन बसतो आणि विचारतो, "तुझी जमीन किती?" आजीला कुणी विचारत नाही की पूर्वी पाणी कुठनं भरायचीस, पोर मेलं तर कुठं पुरलं, पहिलं करवंद कुठल्या जाळीला यायचं. तेच तर पुरावे आहेत! विहीर, मसणवट, देव. ते बाईच्या डोक्यात आहेत आणि बाई समितीच्या बैठकीत मागं बसून पोर निजवतीय. एक तृतीयांश बायका ग्रामसभेला पाहिजेत असा नियम आहे. आपण सही-अंगठ्यापुरत्या बोलावतो. चुलीचं गोकुळ बाई मांडती, हक्काचं पुरुष. म्हणून ते अर्धंच होतं.

तर माझी सूचना अशी.

या वसुबारसेला प्रत्येक वाडीनं, पाड्यानं, धनगरवाड्यानं ग्रामसभेच्या जागेत एक मोठं गोकुळ मांडावं. कातकऱ्यांनी, धनगरांनी, कुणब्यांनी मिळून. शेण धनगरवाड्यावरनं येईल, तांबडी माती आमच्याकडनं. मांडायचं बायकांनी आणि पोरांनी. पुरुषांनी पाणी आणायचं आणि गप बसून ऐकायचं. किसनाचं गोकुळ नाही, आपलं. जिथं ओढा आहे तिथं ओढा, जिथं देवराई आहे तिथं देवराई. जुनी विहीर, बुजलेली असली तरी. मसणवट. गुरं चरायची सडं. मधाचे कडे. हिरड्याची झाडं. धरणात गेलेलं जुनं गाव, त्यावर निळी रांगोळी टाकायची. पठारावर पवनचक्क्या असतील तर त्यापण उभ्या करा. रखवालदाराची चौकी पण करा, कोचितीवाल्यांनी साहेब केला होता तसा. खरं आहे ते सगळं.

मांडताना म्हाताऱ्या बोलतील. भांडतीलही. "विहीर तिथं नव्हती, खाली होती." भांडू द्या. त्या भांडणातच 75 वर्षं बाहेर येतील. शाळा शिकलेल्या एका पोरीनं वही घेऊन बसायचं आणि कोण काय म्हणालं ते नावानिशी लिहायचं. पाडव्याला ते गोकुळ बघून कागदावर नकाशा काढायचा. मग ती जागा पायांनी हिंडून बघायची, खुणा करायच्या, जबाब लिहून वडीलधाऱ्यांचे अंगठे घ्यायचे, ग्रामसभेचा ठराव करायचा आणि दाव्याला जोडायचं. शेणाच्या बाहुल्या कचेरीत न्यायच्या नाहीत, तिथं त्या पुरावा होत नाहीत. त्यातनं निघालेली आठवण पुरावा होते.

आणखी एक शंका येईल. आपण निसर्ग पुजणारे, किसनाचं गोकुळ कशाला? मला त्यात अडचण वाटत नाही. प्वेब्लोंनी दुसऱ्याच्या देवाला आपल्या घोंगडीत गुंडाळलं आणि स्वतःचा नाचही सोडला नाही. ज्याला किसन ठेवायचाय त्यानं ठेवावा, ज्याला वाघदेव ठेवायचाय त्यानं वाघदेव. मूर्ती कुणाची यावरून भांडू नका. घर कुणाकुणाचं आहे ते मोजा. एक घर जरी राहिलं तरी आपलं गोकुळ त्या बाईच्या गोकुळासारखंच झालं म्हणून समजा. हे मी आपल्या आपल्यात सांगते. धनगराच्या नकाशात कातकरी राहतो, कुणब्याच्या नकाशात धनगर राहतो, आणि मग साहेबाच्या नकाशात तिघंही राहतात.

आजी आता नाही. तिचं मतदान कार्ड होतं, त्यावर जन्मसाल चुकीचं होतं. ती कुठल्या झाडाखाली जन्मली ते तिला माहीत होतं, ते कुठल्याच कागदावर नव्हतं. मी तेव्हा लिहून घेतलं असतं तर आमच्या वस्तीचा एक जबाब पक्का झाला असता. नाही घेतला. बारावी शिकले आणि आजीचं चार ओळींचं लिहिलं नाही, ही माझी चूक. तुमच्या घरात जी म्हातारी आज चुलीपुढं बसलीय तिच्याबाबत ही चूक करू नका.

वसुबारसेला शेण भिजवा. पाडव्याला वही भरा. तुळशीच्या लग्नाच्या आत ग्रामसभा घ्या. कुठल्या वाडीनं काय मांडलं ते पुढच्या अंकासाठी कळवा, चित्र काढून पाठवलं तरी छापू.

जंगल आमचं, नकाशाही आमचाच!

जिंदाबाद.

– तुमची एक कार्यकर्ती, पाटण तालुका